कोटाच्या उजव्या खिशात

सुशांतचा पहिला मेसेज आला तेव्हा शैलजा क्लिनिकमध्ये एका पेशंटच्या मनगटाला पट्टी बांधत होती. तिने तो जेवणाच्या सुट्टीत ऐकला.

"मावशी, सुशांत बोलतोय. सहज फोन केला. आज छत्री विसरलात, भिजलात ना? काळजी घ्या हं."

छत्री ती खरंच विसरली होती. गाडीपासून दारापर्यंत ती धावत आली होती, आणि त्या वेळी पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. निदान तिला तरी कुणी दिसलं नव्हतं.

शैलजा अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडमध्ये हातांची फिजिओथेरपिस्ट होती. वय बावन्न. लग्न होऊन पुण्याहून आली ती इथलीच झाली, सिटिझनही झाली. मुलगी शिकून न्यूयॉर्कला गेल्यावर ती भारतीय बायकांसाठी चालणाऱ्या एका हेल्पलाइनवर आठवड्यातून एक संध्याकाळ बसू लागली. पण नेत्राने हेल्पलाइनला फोन केलाच नव्हता. तिने सरळ शैलजाच्या घरी केला. ऑक्टोबर महिना होता, साल दोन हजार सहा. अपार्टमेंटच्या लाँड्री रूममधून, शेजारणीच्या मोबाइलवरून नेत्रा हळू आवाजात बोलत होती.

"मावशी, मला डाव्या कानाने ऐकू येत नाहीये. तो आंघोळीला गेलाय. मी काय करू?"

नेत्रा सुशांतची बायको. सत्तावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. आणि सुशांत म्हणजे तिथल्या महाराष्ट्र मंडळातला सगळ्यांचा लाडका. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर. कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की सुशांत, कुणाला एअरपोर्टवरून आणायचं असलं की सुशांत. शैलजाच्या घरी दिवाळीला येऊन त्याने चकल्या पाडल्या होत्या, आणि पहिली ताटली नेत्राला नेऊन दिली होती.

त्या दिवशी शैलजा पोलिसांना घेऊन गेली. नेत्राचा पासपोर्ट आणि एक बॅग घेतली, तिला डॉक्टरकडे नेलं आणि मग स्वतःच गाडी चालवत डोंगरापलीकडच्या एका गावातल्या आश्रयघरात सोडून आली. गावाचं नाव तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. मनोहरनेही विचारलं नाही.

"मला माहीत नसलेलंच बरं," तो म्हणाला. "मला खोटं बोलता येत नाही."

सुशांतला नेत्राच्या जवळ जायला कोर्टाची बंदी होती. शैलजाला फोन करायला नव्हती. मेसेज येत राहिले. एकातही वावगा शब्द नव्हता. "मावशी, मागच्या अंगणातला दिवा गेलाय तुमचा. काकांना सांगा, बदलून घ्या." "मंगळवारी काका टेनिसला गेले की तुम्ही एकट्याच असता ना? जेवून घेत जा वेळेवर." प्रत्येक वेळी शेवटी तेच, लाडिक स्वरात: काळजी घ्या हं.

ती फोन घेऊन पोलिसांकडे गेली. तिथला ऑफिसर तरुण होता, सभ्य होता. तिने एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं आणि सांगतासांगताच तिला कळलं की आपल्या हातून काहीतरी निसटतंय.

"तो म्हणतोय, आंटी, टेक केअर," ऑफिसर म्हणाला. "ही धमकी आहे?"

"तो ज्या पद्धतीने म्हणतोय ती धमकी आहे."

"मॅम, पद्धत मी रिपोर्टमध्ये कशी लिहू?"

त्याने आपलं कार्ड दिलं, मेसेज डिलीट करू नका म्हणून सांगितलं, रात्री गाडीची एक फेरी तुमच्या रस्त्यावरून मारायला सांगतो म्हणाला. त्याने ते केलंही. पण फेरी मारणारी गाडी निघून गेली की रस्ता पुन्हा रिकामा व्हायचा, आणि शैलजा स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खिडकीशी उभी राहायची.

त्यानंतरच्या रविवारी, चहा पिताना, ती मनोहरला म्हणाली, "मी रिव्हॉल्व्हर घेणार आहे. जवळ बाळगायला."

मनोहर आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "शैलू, तू घरातला कोळीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतेस."

"कोळी मला फोन करत नाहीत."

"आणि समजा तो आलाच. तू गोळी घालणार? सुशांतला?"

"मला माहीत नाही."

"मग माहीत नसताना ती वस्तू घरात कशाला आणायची?"

दुसरा उपाय मात्र त्याच्याजवळ नव्हता. शनिवारी ती एकटीच दुकानात गेली.

दुकान हायवेच्या कडेला, एका टायरवाल्याच्या शेजारी होतं. काउंटरमागे डोना नावाची साठीकडे झुकलेली बाई होती, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. तिने शैलजाला बघताच गुलाबी मुठीचं एक पिस्तूल काढून समोर ठेवलं.

"बायकांना हे आवडतं."

"मला गुलाबी आवडत नाही," शैलजा म्हणाली. डोनाने ते मुकाट्याने आत ठेवलं.

दुसरं पिस्तूल काळं होतं. त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागत होता, तरच गोळी आत जाणार. शैलजाने ओढून पाहिला. अर्ध्यावर आला आणि उजव्या अंगठ्याच्या बुडातून कळ उठली. तो सांधा झिजला होता. दिवसभर दुसऱ्यांचे असलेच सांधे ती चोळत असे, स्वतःच्याकडे लक्ष द्यायला मात्र टाळाटाळ करी.

"मग तुला रिव्हॉल्व्हरच," डोना म्हणाली. "ओढायचं काही नाही. गोळ्या भर, रोख, चाप दाब. कुठे ठेवणार? पर्समध्ये?"

"कोटाच्या खिशात. इथे वर्षातले आठ महिने मी कोटातच असते."

डोनाने काचेवर एक जाड रुमाल पसरला आणि आखूड नळीची तीन रिव्हॉल्व्हरं ओळीने मांडली. तिन्ही थ्री-फिफ्टीसेव्हन मॅग्नम. एवढीशी, तळहातात मावतील अशी. मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीची गोळी, पण याच रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एटची साधी गोळीही चालते, असं तिने सांगितलं. शैलजाने सगळ्यात हलकं उचललं. इतकं हलकं की खेळण्यातलं वाटावं. खिशात टाकलं तर कोटाला झोळसुद्धा पडला नाही.

"हे," ती म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात. आधी मागे नेमबाजीच्या रेंजवर चल."

मागच्या लांबोड्या खोलीत, आवाज अडवणारे गोळे कानांवर लावून शैलजा उभी राहिली. समोर माणसाच्या आकाराचा कागद. त्याला चेहरा नव्हता. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये डोनाने मॅग्नमची एकच गोळी भरली. शैलजाने चाप दाबला आणि हातात कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. कळ कोपरापर्यंत गेली. नळी वर छताकडे वळली होती. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात कातडी सोलली होती. कागदाला भोकही नव्हतं.

"खिशाला हलकं ते हाताला जड," डोना म्हणाली. "आता स्टीलचं घे. आणि साधी गोळी."

स्टीलचं चांगलंच वजनदार होतं. पण तो भार आता तिच्या बाजूने होता; धक्का बसला, तो सोसता आला. तिसऱ्याचा घोडा मागे शिंगासारखा बाहेर आलेला होता. कोटातून काढताना अस्तराला अडकला. दोनदा काढलं, दोनदा अडकलं. स्टीलच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा आत झाकलेला होता, ते गुळगुळीत गोट्यासारखं बाहेर आलं.

"याचा चाप फार जड आहे," शैलजा म्हणाली. "लांबवर दाबत न्यावा लागतो."

"चुकून उडू नये म्हणून. मधेच विचार बदलला तर तसाच हळूहळू सोडायचा. हे बघ, असा."

मग डोनाने गोळ्या भरून दिल्या. "छातीच्या मध्यावर बघ."

शैलजाने बघितलं आणि त्या कागदाच्या जागी सुशांत उभा राहिला. हातात ताटली. मावशी, ही बघा, मोडली नाही एकही. तिने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं.

"अनोळखी आहे की ओळखीचा?" डोनाने विचारलं.

"ओळखीचा."

"आज नको असेल तर घरी जा. दुकान कुठे पळून जात नाही."

शैलजाने हात कोटाला पुसले आणि रिव्हॉल्व्हर पुन्हा उचललं. पहिली गोळी खांद्यात गेली. बाकीच्या छातीत, वेड्यावाकड्या. हे आपल्याला जमतंय याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली.

तिने स्टीलचं घेतलं. खिशात बसणारं चामड्याचं म्यानही. "त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही," डोनाने बजावलं. "किल्ली नाही, टिश्यूसुद्धा नाही."

बोटांचे ठसे देऊन परवाना यायला डिसेंबर उजाडला. त्यानंतर शैलजाचा उजवा खिसा जड झाला. क्लिनिकमध्ये बंदी होती, तिथे ती ते गाडीतल्या पेटीत कुलूप लावून ठेवायची. बाकी सगळीकडे ते बरोबर असायचं. इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडताना, वाचनालयात, मैत्रिणीच्या घरी. कोट काढून द्या म्हटलं की ती म्हणायची, राहू दे, थंडी वाजतेय. मनोहर शेजारी चालताना नकळत तिच्या डाव्या बाजूला येऊ लागला.

महाराष्ट्र मंडळाची संक्रांत कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होती, जानेवारीतल्या शनिवारी दुपारी. भुरभुर पाऊस चालू होता. मनोहर आत खुर्च्या मांडत होता. शैलजा साडीवर कोट घालून तिळगुळाचे डबे काढायला गाडीशी आली, डिकी उघडली, आणि मागून आवाज आला.

"मावशी."

दोन गाड्यांच्या मधून सुशांत येत होता. इस्त्रीचा कुडता, वर जॅकेट, नीट भांग पाडलेला. ती वळली. पाठ डिकीच्या कडेला टेकली. डाव्या हातात डबा होता. उजवा खिशात गेला.

"तिथेच थांब, सुशांत. जवळ येऊ नकोस."

"अहो, सणाचा दिवस आहे. नमस्कार तरी करू द्या."

"मला तुझा नमस्कार नको. थांब म्हणते ना."

तो हसला, आणि झटकन वाकला. त्याचे दोन्ही हात खाली गेले, साडीच्या निऱ्यांआड, तिला दिसेनासे झाले. त्या हातांत काय आहे? तिने रिव्हॉल्व्हर म्यानातून सोडवलं होतं. कोटाच्या कापडामागून ते त्याच्या टाळूकडे वळलेलं होतं. टाळू तिला स्पष्ट दिसत होती. भांगाची पांढरी रेघ, तिच्यावर पावसाचे बारीक थेंब. तीस वर्षांचा मुलगा पाया पडतोय आणि आपलं बोट चापावर आहे.

त्याची बोटं तिच्या पावलांना लागली. रिकामी होती. तिने श्वास सोडला.

पण तो उठला नाही. बोटं वर सरकली आणि दोन्ही घोट्यांभोवती मिटली.

"कुठे आहे ती?" स्वर तोच, लाडिक. "सांगा ना, मावशी. मी पाया पडतोय तुमच्या."

"सोड."

"सांगितल्याशिवाय उठणार नाही. तुम्ही मला मुलासारखा मानता ना?"

"सुशांत, पाय सोड."

त्याने हिसका दिला. ती डिकीच्या कडेवर आपटली आणि घसरून ओल्या डांबरावर बसली. डबा हातातून सुटला, तिळाच्या वड्या चाकाखाली विखुरल्या. पकड आणखी घट्ट झाली, घोट्याच्या हाडामागे त्याचा अंगठा रुतला. तिने रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. ते अडकलं नाही. तिने ते त्याच्या तोंडासमोर धरलं आणि चाप दाबायला सुरुवात केली. गोळ्यांचं चक्र सावकाश फिरू लागलेलं तिला दिसलं. त्यालाही दिसलं.

"मावशी," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच वेगळा होता. "तुम्ही मला मारणार?"

"हो," शैलजा म्हणाली.

त्याने पाय सोडले. हात खांद्यापर्यंत वर नेत तो उठून उभा राहिला, मागे सरकला. तिने चाप हळूहळू सोडला. त्याला किती वेळ लागला ते तिला कधीच सांगता आलं नाही. नेमकं त्याच वेळी हॉलचं दार उघडून मंडळाच्या शरयू काकू बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: नमस्कार करून उठणारा सुशांत, आणि जमिनीवर बसून त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखलेली शैलजा. त्या किंचाळल्या.

पोलिसांनी दोघांनाही वेगवेगळं बसवलं. रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. मनोहर तिच्या खांद्यावर स्वतःचं जॅकेट टाकून बाजूला उभा राहिला. एका नर्सने तिच्या घोट्यांचे फोटो काढले.

मग कोर्ट. शैलजाच्याही जवळ यायला सुशांतला बंदी घालावी, असा तिचा अर्ज होता. सुशांतचा वकील मृदू बोलणारा होता.

"मॅम, तुमच्या संस्कृतीत पायांना हात लावणं म्हणजे काय?"

"आदर दाखवणं."

"म्हणजे आदर दाखवणाऱ्या तरुणाच्या चेहऱ्यावर तुम्ही भरलेली बंदूक धरलीत."

मागे मंडळातली काही माणसं बसली होती. शैलजाला त्यांच्या नजरा पाठीवर जाणवल्या. तिने जजला विचारलं, मी फोटो दाखवू का? फोटो समोर आला. तिने स्वतःचा उजवा हात वर केला.

"मी हातांचं काम करते," ती म्हणाली. "नमस्कार बोटांच्या टोकांनी करतात. वरून, अलगद. त्याला अंगठा लागत नाही. इथे मागे, हाडाच्या खाली, हा जो काळा ठसा आहे तो अंगठ्याचा आहे. अंगठा फक्त धरून ठेवायला लागतो."

जजने फोटो हातात घेऊन जवळून पाहिला. मग तिने कोर्टाच्या दुभाष्याकडून सगळे मेसेज पुन्हा ऐकवून घेतले, तारखेप्रमाणे, एकामागून एक. त्या बंद खोलीत "काळजी घ्या हं" इतक्या वेळा वाजलं की अखेर मराठी न येणाऱ्यांनाही ते समजलं.

बंदी मंजूर झाली. शैलजावर खटला भरला गेला नाही. सुशांतने मारहाणीचा गुन्हा कबूल केला. नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो सांगलीला आईकडे परत गेला. नेत्राचा घटस्फोटाचा अर्ज चालू होता. ती अजून त्याच गावात होती आणि तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. डावा कान मात्र पूर्ण सुधारणार नव्हता.

मंडळातल्या अर्ध्या लोकांनी शैलजाला बोलावणं बंद केलं. शरयू काकू एकदा ग्रोसरीत भेटल्या. म्हणाल्या, "तुझं बरोबरच असेल गं. पण मला ते डोळ्यांसमोरून जात नाही." शैलजा म्हणाली, "माझ्याही नाही."

चक्र फिरू लागलं होतं, हे तिने मनोहरला सांगितलं. आणखी थोडा जोर, एवढंच बाकी होतं. तो म्हणाला, "मी आत खुर्च्या मांडत होतो." एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर मंगळवारचं टेनिस त्याने सोडून दिलं.

जूनमधल्या एका सकाळी फोन वाजला. भारतातला नंबर.

"शैलजाताई का? मी मीनाक्षी. सुशांतची आई."

शैलजा त्यांना ओळखत होती. सुशांतच्या लग्नानंतर त्या तीन महिने राहून गेल्या होत्या. अबोल बाई, भाकरी मात्र सुरेख करायच्या.

"माझ्या मुलावर पिस्तूल धरलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाया पडणाऱ्या मुलावर. त्याचं आयुष्य घालवलंत. तुम्हालाही लेक आहे ना?"

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या आणखी काही बोलतील, शिव्या देतील म्हणून शैलजा वाट बघत राहिली.

"नेत्राचा कान कसा आहे?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

शैलजा चमकली. नेत्रा कशी आहे असं नाही, त्यांनी थेट कानाचंच विचारलं होतं. "तुम्हाला सुशांतने सांगितलं?"

"तो कशाला सांगेल? मी तिथे होते ना तीन महिने. तेव्हाही तो तिच्या कानावरच मारायचा." त्यांचा आवाज उतरला. "मी तेव्हा म्हटलं, नवीन संसार आहे, होईल ठीक. तिला म्हटलं, त्याला रागाला आणू नकोस."

"मीनाक्षीताई, आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"घरीच. तो बाहेर गेलाय. ह्यांच्या माघारी आम्ही दोघंच. दिवसभर घरात असतो. भांडं पडलं तरी..." त्या थांबल्या. "तुम्ही त्याला तिकडून पाठवून दिलंत. बरोबर आहे तुमचं. पण आला तो इथेच ना?"

"तुमच्याजवळ कोण आहे? शेजारी, बहीण, कुणी?"

"तोच आहे की," त्या म्हणाल्या, आणि मग घाईने, "फाटक वाजलं. ठेवते." फोन बंद झाला.

शैलजा रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं, तिने कोट घातलेला नव्हता. मनोहर दाराशी येऊन विचारत होता, कुणाचा होता? तिने त्याला हाताने थांबवलं. मिरजेला तिची वर्गमैत्रीण प्रतिमा राहत होती, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. कितीतरी वर्षांत बोलणं नव्हतं. शैलजाने तिचा नंबर शोधून काढला आणि फिरवला.

"प्रतिमा, मी शैलजा. हो, तीच. ऐक, तुला आज सांगलीला जाता येईल का? आत्ताच. एकटी जाऊ नकोस."